दहावीला ९३ टक्के, अकरावीच्या पहिल्या टेस्टला ७ मार्क. एसटीने अप-डाऊन करू की रत्नागिरीत रूम घेऊ?

पहाटेची_गाडी | १३ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार सगळ्यांना. वाचते खूप दिवस पण लिहायला आज धीर केला, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी अकरावी सायन्सला आहे, रत्नागिरीत. गाव आडिवऱ्याच्या जवळ. दहावीला आमच्या वर्गात २३ जण होते, त्यातल्या निम्म्यांना मी बालवाडीपासून ओळखते. मला ९३.४० टक्के पडले, शाळेत पहिली (त्यात चित्रकलेचे वाढीव गुण पण आहेत, खोटं कशाला बोलू). मग सत्कार, शाल, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ, ते आता बंद पडलंय.

यंदा अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन होते, त्यामुळे जुलैभर नुसते राउंड. कॉलेज सुरू होतंय तोवर गणपती आले. गणपतीनंतर पहिली युनिट टेस्ट. फिजिक्स २५ पैकी ७, केमिस्ट्री ९, बायो १४, मराठी २१. मराठीचे वाचून आजी खूश झाली, बाकीचे तिला सांगितलेच नाहीत.

वर्गात आम्ही १२० जण आहोत. सर वाईट शिकवत नाहीत, पण शाळेत मी "त्वरण" आणि "संवेग" शिकले, इथे ॲक्सिलरेशन आणि मोमेंटम. दोन्ही एकच आहे हे मला घरी येऊन कळतं तोवर सर दोन पानं पुढे गेलेले असतात. आमच्या शाळेत सेमी नव्हतं. एकदाच हात वर केला. सर म्हणाले "येस, लास्ट बेंच", मी उभी राहिले आणि गडबडीत गावच्यासारखं "सर, माझा डाउट हाय" असं बोलून गेले. मागून कोणतरी "हाय! हॅलो!" केलं आणि अख्खा वर्ग हसला. काय विचारायचं होतं ते मी विसरले. तेव्हापासून हात वर केलेला नाही.

वस्तीची गाडी पहाटे ५:३५ ला सुटते, पावणेसातला रत्नागिरीत. कॉलेज ७:२० चं. प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी परतीची गाडी पावणेपाचची, घरी पोचायला सव्वासहा, आणि पाऊस जास्त असला तर बरेचदा लाईट नाही. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे म्हणजे अप-डाऊनला खर्च शून्य. रूमचं बघितलं तर तिघींत एक खोली, मेस धरून माझ्या वाटणीला महिना साडेपाच हजार. बाबा म्हणतात घे. पण आमची हापूसची कलमं किती आणि त्यातून काय येतं ते मला माहीत आहे, आणि मागे भाऊ आहे आठवीत.

तर अप-डाऊन चालू ठेवू की रूम घेऊ? आणि ७ पडणं म्हणजे सायन्स आपलं काम नाही असं समजायचं का?

---

कुळीथपिठी | १३ सप्टेंबर, रात्री १०:०५

स्वागत गो. आमच्या घरी सत्काराची तीन घड्याळं आहेत, तिन्ही बंद. सेल बदलला तरी चालत नाहीत. बहुतेक सत्कारापुरतीच बनवतात.

बाकी उत्तर उद्या लिहिते, डोळ्यावर झोप आहे.

---

विरार_फास्ट | १३ सप्टेंबर, रात्री १०:३२

सव्वा तासाचा प्रवास म्हणजे काही नाही हो. मुंबईत लाखो मुलं दीड दीड तास लोकलला लटकून कॉलेज करतात. मी स्वतः विरारहून चर्चगेट केलंय पाच वर्षं. सवय होते. साडेपाच हजार वाचव.

---

बोंबील_सुका | १३ सप्टेंबर, रात्री १०:४१

@विरार_फास्ट साहेब, तुमची एक लोकल गेली तर पाच मिनिटांनी दुसरी येते. हिची ५:३५ ची गेली तर पुढची थेट साडेआठला, म्हणजे तो दिवस गेला. आणि पावसात रस्त्यावर आड झाड पडलं की मोबाईलवर इंडिकेटर नाही बघता येत, गावातल्या पोरांनी कोयता घेऊन यायची वाट बघावी लागते.

---

विरार_फास्ट | १३ सप्टेंबर, रात्री १०:४४

मान्य. पण तुमच्या गाडीत बसायला तरी मिळतं.

---

खडू_आणि_फळा | १४ सप्टेंबर, सकाळी ६:१५

मी ३१ वर्षं ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. नाही, तसं समजायचं नाही. का ते जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली सरका.

दहावीला आपल्याकडे कोकण बोर्डाचा निकाल राज्यात सगळ्यात वर असतो, २०२५ ला ९८.८२ टक्के होता. आनंदच आहे. पण त्या पेपरात व्याख्या लिहा, फरक सांगा, कारणे द्या असं बरंचसं असतं. मन लावून पाठ करणारी मुलगी तिथे ९० च्या वर जाते. अकरावीला पाठांतर एकदम अपुरं पडतं आणि हे पोरांना कोणी आधी सांगतच नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा मॅथेमॅटिकल मेथड्स. त्यात व्हेक्टर आहेत आणि डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशनसुद्धा आहे. गणिताच्या पुस्तकात डिफरन्सिएशन येतं भाग दोनच्या शेवटाला, म्हणजे कॉलेजात ते शिकवायला फेब्रुवारी उजाडतो. जी गोष्ट गणिताच्या सरांनी अजून शिकवलेलीच नाही ती फिजिक्सचे सर येत असल्याचं धरून वापरतात, आणि १२० पोरांपैकी शंभरांना वाटतं की बाकीच्यांना कळलंय, मीच एकटा ढ. ज्यांचे क्लास मे महिन्यातच चालू झालेत त्या वीसेक जणांना खरंच कळलेलं असतं आणि माना पण तेच हलवतात. शिकवणारा माना बघून पुढे जातो. मीसुद्धा तसाच जायचो, आता खाली बसून लिहिताना लाज वाटते.

तेव्हा तू विचार, तुझ्या वर्गात फिजिक्सला दहाच्या खाली किती जण आहेत.

आता करायचं काय. बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. नववी आणि दहावीचं विज्ञान इंग्रजी माध्यमाचं उतरवून घे. तोच धडा तुला मराठीत पाठ आहे, त्यामुळे इंग्रजी वाचताना अर्थ शोधायला लागणार नाही, फक्त शब्द जुळवायचे. संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, जडत्व म्हणजे इनर्शिया, तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. दोनेकशे शब्द होतील फार तर. दिवाळीपर्यंत होऊन जातं.

---

सेमी_ची_आई | १४ सप्टेंबर, सकाळी ९:२०

म्हणूनच मी मुलाला पाचवीपासून सेमीला घातलं. गावातल्या लोकांनी तेव्हा नावं ठेवली. आता बघा.

---

लोटे_लाल | १४ सप्टेंबर, सकाळी ९:३८

सेमीवाल्यांना अकरावीत २५ पैकी २० पडतात असं काही नाही ताई. माझा सेमीचाच होता, इंग्रजीत पाठ केलं आणि इंग्रजीतच नापास झाला. त्याला व्हॅलन्सी शब्द येत होता पण संयुजा म्हणजे काय ते दोन्ही भाषांत माहीत नव्हतं.

---

सेमी_ची_आई | १४ सप्टेंबर, सकाळी ९:५५

तुमच्या मुलाचं मी काय बोलणार. पण माध्यम महत्त्वाचं नाही असं म्हणणारे सगळे आपली पोरं कुठल्या शाळेत घालतात ते पण बघितलंय मी.

---

धागा_राखणदार | १४ सप्टेंबर, सकाळी १०:३०

माध्यमाच्या वादाचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा. मुलीने एसटी आणि रूमचं विचारलंय.

---

देवगडचो_वायरमन | १४ सप्टेंबर, दुपारी १:१०

अगो बाय, घाबरा नको. माका अकरावीक फिजिक्सात १०० पैकी ११ गावले हुते, ते पण सरांनी दया करून दिल्यानी. बापाशीन सांगल्यान, कॉलेज ऱ्हवांदे, आयटीआय कर. केलंय. आज देवगडात वायरिंगची कामा घेतंय आणि त्याच सरांच्या नव्या घराचा वायरिंग मियाच केलंय. अर्थिंग कित्याक व्हया ता त्यांका उभ्या उभ्या समजावन सांगलंय. बिल मात्र पुरा घेतलंय.

---

कुळीथपिठी | १४ सप्टेंबर, दुपारी १:२२

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). @खडू_आणि_फळा, ते सर तुम्ही तर नाही ना?

---

खडू_आणि_फळा | १४ सप्टेंबर, दुपारी २:०५

माझं घर जुनंच आहे आणि वायरिंगही. पण अकरा मार्क दिले असतील तर ते मीच दिल्यासारखे वाटतात.

---

राजापूरचा_पाहुणा | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:५०

रूम आणि अप-डाऊन यात एक तिसरी वाट असते ती कोणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच लिहितो. नातेवाइकांकडे राहणे. नको.

मी १९९८ ला अकरावीला रत्नागिरीत आलो. कोकण रेल्वे त्याच वर्षी जानेवारीत पूर्ण सुरू झाली होती, गावात सगळ्यांना वाटत होतं आता पोरं कुठच्या कुठे जाणार. मी आत्याकडे गेलो. वडिलांनी सोबत एक फरा तांदूळ, शंभर नारळ आणि मला पाठवलं. आत्या प्रेमळ होती, खोटं बोलणार नाही, जेवायला कधी कमी केलं नाही. पण घरातला मुलगा आणि घरात राहणारा मुलगा यात फरक असतो. तिची मुलं अभ्यासाला बसली की टीव्ही बंद व्हायचा. मी बसलो की "जरा नारळ खवून दे रे, मग बस." रोजचा एक नारळ, पाहुणे असले तर दोन. मी खवणीवर बसून आवर्त सारणी पाठ केली आहे. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, आणि त्या लयीत हात. अजूनही कुठे खवणीचा आवाज आला की मला बेरिलियम आठवतं.

गंमत जाऊ दे, पण दोन वर्षांत मी एकदाही त्या घरात "मला कळत नाहीये" असं बोललो नाही. बोललो असतो तर गावी निरोप गेला असता की पोराचं लक्ष नाही. बारावीला ५२ टक्के पडले तेव्हा सगळ्यांना धक्का बसला, मला सोडून.

---

अबोलीचा_वळेसर | १४ सप्टेंबर, रात्री ८:३०

@राजापूरचा_पाहुणा डोळ्यांत पाणी आलं वाचून आणि हसू पण. माझ्याकडे नारळ नव्हते, मामेभावाचा गृहपाठ होता.

---

चिपळूण_२०२१ | १४ सप्टेंबर, रात्री ११:१५

मी कोरोना बॅचची. आमची दहावीची परीक्षा झालीच नाही, नववीचे आणि अंतर्गतचे मार्क धरून १६ जुलै २०२१ ला रिझल्ट लावला. अकरावीसाठी वेगळी सीईटी होणार म्हणून अभ्यास करत होते तर २२ जुलैला चिपळूणला पूर. आमचं घर तळमजल्यावर, सगळी पुस्तकं चिखलात. मी रडत होते की सीईटी कशी देऊ, तर १० ऑगस्टला हायकोर्टाने सीईटीच रद्द केली. म्हणजे पुस्तकं पण गेली आणि परीक्षा पण.

मग अकरावी ऑनलाइन. नेटवर्कसाठी गच्चीच्या टाकीवर. ऑक्टोबरच्या शेवटी कॉलेजला जायला मिळतंय म्हणेपर्यंत एसटीचा संप, तो एप्रिलपर्यंत काही पूर्ण मिटला नाही. आम्हाला लॅबमध्ये बिकर हातात मिळाला तो बारावीला.

हे का सांगतेय तर मला त्या दोन वर्षांत एकही नवीन मैत्रीण झाली नाही आणि मार्कांपेक्षा त्याचा त्रास जास्त झाला. तुझ्या गाडीला कॉलेजच्या किती मुली असतात गं? वर्ग १२० चा असला तरी गाडी ४० जणांची आहे. तिथे बघ कोणी सापडतंय का.

---

डबल_बेल | १५ सप्टेंबर, पहाटे ४:५०

मी एसटीत वाहक आहे, २००९ पासून. तुझ्या रूटला नाही पण वस्तीच्या गाड्या खूप केल्यात. रात्री साडेआठ-नऊला गावात गाडी लावायची, देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपायचं, गावातलं कोणतरी पेज-भाकरी आणून देतं, आणि पहाटे पहिली चढतात ती कॉलेजची पोरं. आम्ही त्यांना मार्कशीटशिवाय ओळखतो. कोण झोपतो, कोण वाचतो, कोणाचं कोणाशी भांडण झालंय, सगळं कळतं.

कामाच्या गोष्टी सांगतो. मागच्या चाकाच्या वर आणि त्याच्या मागे बसून वाचायला जाऊ नकोस, अक्षर दिसत नाही आणि उलटी होते. पुढून तिसरी-चौथी सीट धर, तिथे धक्का कमी. जाताना अंधार असतो, वाचू नकोसच, झोप. येताना उजेड असतो पण गर्दी, उभं राहावं लागतं. मग ऐकायचं काहीतरी मोबाईलवर. पास संपायच्या दोन दिवस आधीच नवीन काढ, एक तारखेला खिडकीवर अख्खी रत्नागिरी असते.

आणि पावणेसातला उतरून ७:२० पर्यंत काय करतेस? पस्तीस मिनिटं झाली ती.

---

पहाटेची_गाडी | १५ सप्टेंबर, रात्री ८:१०

इतके प्रतिसाद येतील असं वाटलंच नव्हतं. सगळे दोनदा वाचले. आईला पण वाचून दाखवले, ती राजापूरच्या काकांचं ऐकून म्हणाली ह्यांना एक दिवस जेवायला बोलव, नारळ आपण खवू.

@खडू_आणि_फळा सर, विचारलं. दहाच्या खाली ७४ जण आहेत. मला वाटलं होतं मी एकटीच. कोणीच कोणाला सांगत नव्हतं.

@डबल_बेल काका, त्या वेळात मी वर्गाबाहेरच्या कठड्यावर बसते. वर्ग उघडा असतो पण आत एकटं बसायला बरं नाही वाटत. डबा खाते कधी कधी, घावणे असले की थंड झालेले असतात.

@चिपळूण_२०२१ ताई, पावसला एक चढते आमच्याच वर्गातली. आम्ही अजून बोललो नाही. ती खिडकीला डोकं टेकून झोपते.

---

हर्णैचा_खलाशी | १५ सप्टेंबर, रात्री ९:३५

सगळे सायन्स धरून ठेव म्हणतायत म्हणून दुसरी बाजू लिहितो. मी दापोलीला अकरावी सायन्स घेतलं, वडिलांची होडी आहे. जून-जुलै बंदी असते तोपर्यंत ठीक चाललं, १ ऑगस्टला बंदी उठली की पहाटे बंदरावर मदत करून तसाच कॉलेजला. अंगाला वास यायचा, बाजूचा पोरगा बेंच बदलून गेला. मी नोव्हेंबरात सायन्स सोडून कॉमर्सला गेलो. घरी सगळे म्हणाले वाया गेला.

आज हर्णैला संध्याकाळी लिलाव होतो ना, तिथल्या सतरा होड्यांचे हिशोब माझ्याकडे आहेत. बर्फ, डिझेल, खलाशांची उचल, तांडेलाचा वाटा, हे सगळं तोंडी चालायचं आणि सीझन संपला की भांडणं. आता वही आहे. सायन्स सोडणं म्हणजे मरण नाही एवढंच. पण सोडायचं तर तुला दुसरं काही आवडतंय म्हणून सोड, कोणी हाय हॅलो केलं म्हणून नको. मी वासासाठी सोडलं होतं खरं म्हणजे. ते मला आजपण खटकतं, हिशोब आवडत असले तरी.

---

शिरगाव_फाटा | १५ सप्टेंबर, रात्री १०:२०

@हर्णैचा_खलाशी शेवटची ओळ मनापासून आवडली.

@पहाटेची_गाडी एक माहिती. एमएचटी-सीईटीला अकरावीचा अभ्यासक्रम साधारण २० टक्के असतो आणि बारावीचा ८०. म्हणजे अकरावी कच्ची राहिली तरी सगळं गेलं असं नाही, मात्र बारावी अकरावीच्याच पायावर उभी आहे. आणि सायन्स म्हणजे फक्त डॉक्टर-इंजिनियर नाही. आपल्याच पट्ट्यात दापोलीला १९७२ पासूनचं कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासून. मी तिथूनच शिकलो. माझ्या बॅचला लातूर-नांदेडची पोरं होती ज्यांनी समुद्र पहिल्यांदा बघितला आणि आमच्या बंदरातली पोरं बारावीत फिजिक्सला घाबरून आर्ट्सला गेलेली. मासे ओळखण्याच्या प्रॅक्टिकलला ती लातूरची पोरं मला विचारायची. तुझ्या बायोला १४ आहेत, बाकीच्यांपेक्षा जास्त. बघ विचार कर.

---

नाचणे_रोड_मेस | १६ सप्टेंबर, दुपारी ३:१५

मी मेस चालवते, १४ वर्षं झाली, त्यामुळे रूमचं मी सांगते. घ्यायचीच असेल तर घाईत पावसात घेऊ नको. पावसात सगळ्या खोल्या सारख्याच दिसतात, ओल्या. मालकिणीला सरळ विचार मे महिन्यात पाणी किती वेळ येतं. कोकणात चार महिने पाऊस धो धो आणि एप्रिल-मेला टँकर, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. दुसरं, कपडे कुठे वाळत घालायचे ते बघ. पडवी नसेल तर जुलैत युनिफॉर्म चार दिवस वाळत नाही आणि जर्नलला बुरशी येते. माझ्याकडच्या एका मुलीने जर्नल तव्याखाली ठेवून सुकवलं होतं, कडा करपल्या, सरांनी तसंच सर्टिफाय केलं.

आणि समाजकल्याणचं मुलींचं शासकीय वसतिगृह असतं. बसत असशील तर पुढच्या वर्षी वेळेत अर्ज कर, तिथे राहणं जेवण फुकट असतं.

अजून एक. पहिल्या महिन्यात सगळ्या मुली शनिवारी घरी पळतात. तिसऱ्या महिन्यात एक शनिवार राहतात. ज्या पहिल्याच महिन्यात राहतात त्यांच्यावर मी लक्ष ठेवते.

---

बोंबील_सुका | १६ सप्टेंबर, संध्याकाळी ६:००

अवांतर: अकरावीला कॉलेज म्हणायचं का पण? युनिफॉर्म आहे, हजेरी आहे, पालक सभा आहे. आमच्या वेळी कॉलेज म्हणजे एफवाय.

---

लोटे_लाल | १६ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१२

आमच्या वेळी कॉलेज म्हणजे कॅन्टीन.

---

अबोलीचा_वळेसर | १६ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४०

ज्या दिवशी सोबत दप्तराऐवजी सॅक येते त्या दिवसापासून कॉलेज. माझी सॅक मोठ्या भावाची होती, त्याच्यावर आतून त्याच्या मैत्रिणीचं नाव. ते खोडायला मला अख्खी अकरावी लागली.

---

कुळीथपिठी | १६ सप्टेंबर, रात्री ९:००

उद्या लिहिते म्हटलं होतं, तीन दिवस झाले. आता माझ्यासाठी काही उरलंच नाही. मी एवढंच म्हणते की दिवाळीपर्यंत रूम घेऊ नको. अर्ध्या टर्मला घर बदललंस तर कशामुळे काय झालं ते तुलाच कळणार नाही.

---

सेमी_ची_आई | १७ सप्टेंबर, सकाळी ११:०५

मी परवा तोडून बोलले. मुलाला विचारलं काल, तुझ्या वर्गात मराठी माध्यमाची मुलं आहेत का. म्हणाला असतील, मागे बसतात, बोलत नाहीत. मी म्हटलं तू बोलतोस का त्यांच्याशी. गप्प बसला. पहाटेची_गाडी, त्याची जुनी फिजिक्सची वही हवी असेल तर झेरॉक्स करून पाठवते, त्याने बाजूला चित्रं काढलीत ती सोडून दे.

---

पहाटेची_गाडी | ९ नोव्हेंबर, रात्री ८:५५

धागा वर काढतेय, राग मानू नका. सहामाहीचे मार्क कळले म्हणून लिहायला आले.

फिजिक्स ५० पैकी २१. केमिस्ट्री २४. बायो ३६. फिजिक्सचे अजून काही सांगण्यासारखे नाहीत, पण पास आहे.

काय केलं ते सांगते. शब्दांची वही केली, १८० झाले. मास्तरांनी सांगितलेले दोनशे काही होत नाहीत, उरलेले वीस कुठले ते त्यांनी सांगावं. पावसची मुलगी आता माझ्या शेजारी बसते, म्हणजे मी तिची जागा धरते. तिला फिजिक्सला ६ होते, माझ्यापेक्षा कमी! आम्ही एकमेकींना हे सांगायला तीन आठवडे घेतले, गावखडीच्या पुलाजवळ गाडी बंद पडली होती त्या दिवशी. दुसरी गाडी यायला तास लागला, तेवढ्यात सगळं बोलून झालं.

आणि कठड्याचं. एक दिवस फिजिक्सचे सर लवकर आले, त्यांनी विचारलं रोज इथे का बसतेस. मी सांगितलं गाडी लवकर येते. म्हणाले स्टाफरूम सातला उघडते, काय अडलं असेल ते घेऊन ये. मी चार दिवस गेलेच नाही. पाचव्या दिवशी दोघी गेलो. तिथे विचारायला मला भीती नाही वाटत कारण मागे कोणी बसलेलं नसतं. सरांना "हाय" म्हटलं तरी चालतं, ते स्वतः लांज्याचे आहेत आणि चिडले की त्यांच्यापण तोंडात तेच येतं. वर्गात मात्र अजून हात वर केला नाही. मागची पोरं मला अजून हॅलो म्हणतात. पावसवाली म्हणते तू पण उलट हाय म्हण. बघू.

रूम नाही घेतली. बाबांशी बोलणं झालंय, जूनमध्ये बारावीला बघायचं, मेसवाल्या काकूंनी सांगितलेले प्रश्न मी वहीच्या मागे लिहून ठेवलेत. वसतिगृहाचं पण विचारून आले. पावसात दोन दिवस गाडी आलीच नाही आणि एकदा प्रॅक्टिकल बुडलं, ते परत करून घेतलं सरांनी.

@सेमी_ची_आई काकू, वही मिळाली. चित्रं छान आहेत. न्यूटनच्या डोक्यावर नारळ पडतोय ते.

---

राजापूरचा_पाहुणा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

बायोला ३६! आणि जेवणाचं आमंत्रण अजून चालू आहे का?

---

खडू_आणि_फळा | १० नोव्हेंबर, सकाळी ६:०५

उरलेले वीस बारावीत येतात. सहामाहीचा फिजिक्सचा पेपर असेल तर फोटो टाक, २१ कुठे आले त्यापेक्षा २९ कुठे गेले ते बघू.

---

देवगडचो_वायरमन | १० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

२१ म्हणजे माझ्या जवळजवळ दुप्पट, ता पण अर्ध्या पेपरात. आता तुका वायरिंगचा काम देवचा नाय.

---

डबल_बेल | १० नोव्हेंबर, रात्री ९:४५

छान झालं. एक निरोप आहे. तुमच्या बाजूच्या गाड्यांच्या वेळा बदलतायत असं कानावर आलं म्हणून डेपोत विचारलं. सोमवारपासून तुमची वस्तीची गाडी १० मिनिटं अलीकडे, ५:२५ ला सुटणार. आईंना सांगून ठेव.

---

पहाटेची_गाडी | १० नोव्हेंबर, रात्री १०:०२

काका, ते तुम्हीच सांगा. ती आता बाजूलाच बसलीय, घड्याळाचा सेल बदलतेय.